नोकरी सांभाळून शैक्षणिक नेतृत्वातील ऑनलाइन डॉक्टरेट: ती नेमकी काय असते आणि कशी पूर्ण होते

शाळेत किंवा महाविद्यालयात दहा-पंधरा वर्षे शिकवून झालेली असतात, त्यातली काही वर्षे विभागप्रमुख, पर्यवेक्षक किंवा मुख्याध्यापक म्हणून गेलेली असतात, आणि मग एक अस्वस्थता मनात घर करते. नव्या शिक्षकाला कोणत्या वर्गावर पाठवावे, कोणता उपक्रम चालू ठेवावा आणि कोणता थांबवावा, असे शेकडो माणसांवर परिणाम करणारे निर्णय आपण घेत असतो, पण ते बहुतांशी अनुभवाच्या आणि अंदाजाच्या बळावर घेत असतो. या निर्णयांना अभ्यासाचा आधार हवा असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांच्यासाठी शैक्षणिक नेतृत्व या विषयातील डॉक्टरेट आहे, आणि नोकरी न सोडता ती करता यावी म्हणून तिचे ऑनलाइन रूप आहे. या पदवीविषयी दोन टोकांचे गैरसमज आढळतात. घरबसल्या मिळणारी ही सोपी पदवी आहे, हा एक. आणि नोकरी करणाऱ्या माणसाला ती झेपणारच नाही, हा दुसरा. दोन्ही समज तिची रचना नीट माहीत नसल्यामुळे टिकून आहेत.

आधी विषयाकडे पाहू. शैक्षणिक नेतृत्व म्हणजे केवळ शाळेचा कारभार नव्हे. अंदाजपत्रक, नेमणुका, इमारत, वेळापत्रक हा कारभाराचा भाग झाला. वर्गात प्रत्यक्ष चालणारे शिकणे-शिकवणे सुधारावे म्हणून पदावरच्या आणि पदाबाहेरच्या माणसांनी काय करावे, हा नेतृत्वाचा प्रश्न आहे. केनेथ लीथवुड, कॅरन सीशोर लुइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन एक निष्कर्ष मांडला, जो आज या क्षेत्रात सर्वत्र सांगितला जातो: विद्यार्थ्यांच्या शिकण्यावर परिणाम करणाऱ्या शालेय घटकांमध्ये वर्गातील अध्यापनाच्या खालोखाल नेतृत्वाचा क्रमांक लागतो. हा परिणाम मुख्यतः अप्रत्यक्ष असतो, कारण मुख्याध्यापक स्वतः सगळे वर्ग घेत नाही. तो शिक्षकांच्या कामाची परिस्थिती घडवतो, आणि ती परिस्थिती विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचते. जेम्स स्पिलेन यांनी मांडलेला विभागलेल्या नेतृत्वाचा विचार तर असे सांगतो की शाळेतील नेतृत्व एका खुर्चीत शोधूच नये, ते अनेक माणसांच्या परस्परव्यवहारात पाहावे. अभ्यासक्रमाचे पहिले वर्ष बरेचसे अशा सिद्धांतांच्या वाचनात जाते, आणि अनुभवी शिक्षकाला त्यात आपलीच शाळा वेगळ्या भाषेत भेटू लागते.

या विषयात डॉक्टरेटचे दोन मार्ग असतात. पीएच.डी. ही संशोधक घडवणारी पदवी मानली जाते आणि तिचा मुख्य श्रोता म्हणजे इतर संशोधक. एड.डी., म्हणजे डॉक्टर ऑफ एज्युकेशन, ही व्यावसायिक डॉक्टरेट आहे. तिच्यातले संशोधन कामाच्या जागी उभ्या राहिलेल्या प्रश्नाला भिडणारे असावे अशी अपेक्षा असते. हार्वर्ड विद्यापीठाने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ही पदवी देण्यास प्रारंभ केला, तर ब्रिटनमध्ये ती ब्रिस्टल विद्यापीठामार्फत १९९२ मध्ये आली. मात्र कागदावरचा हा फरक अनेक दशके प्रत्यक्षात फारसा दिसत नव्हता. बऱ्याच ठिकाणी एड.डी. ही थोडी सैल केलेली पीएच.डी. होऊन बसली होती. २००५ मध्ये आर्थर लेव्हिन यांनी, ते स्वतः शिक्षणशास्त्राच्या एका नामांकित महाविद्यालयाचे अध्यक्ष असताना, शालेय नेत्यांसाठीची एड.डी. बंदच करावी अशी शिफारस केली. पुढच्याच वर्षी ली शुलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी बाजू मांडली: पदवी बंद करू नका, तिला स्वतःचे वेगळे रूप द्या. या चर्चेतून २००७ मध्ये अमेरिकेतील सुमारे २५ शिक्षणशास्त्र संस्थांनी एकत्र येऊन कार्नेगी प्रोजेक्ट ऑन द एज्युकेशन डॉक्टरेट हा उपक्रम सुरू केला, आणि आज त्याच्या सदस्य संस्था शंभराहून अधिक आहेत. व्यवसायातील खरा प्रश्न हाच प्रबंधाचा पाया असावा, हा आग्रह तिथून रुजला. हा इतिहास येथे मुद्दाम सांगितला, कारण आजही एकाच नावाखाली दोन प्रकारचे अभ्यासक्रम चालतात. प्रवेश घेण्यापूर्वी त्या विभागातून अलीकडे पूर्ण झालेले चार-पाच प्रबंध उघडून पाहावेत. माहितीपत्रकातील आश्वासनांपेक्षा त्यांतून अधिक खरे कळते.

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळू. माझ्या मते ऑनलाइन एड.डी.चे यश विद्यापीठाच्या नावापेक्षा आपण सोबत घेऊन जाणाऱ्या प्रश्नावर अधिक अवलंबून असते. पूर्णवेळ विद्यार्थ्याला ग्रंथालय, सहाध्यायी आणि मोकळा दिवस या गोष्टी पुढे ओढत राहतात. नोकरी करणाऱ्या माणसाला रात्री नऊ वाजता पुन्हा टेबलापाशी बसवू शकेल असे एकच बळ असते, आणि ते म्हणजे स्वतःच्या शाळेतला न सुटलेला प्रश्न.

हा प्रश्न कसा घडतो, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. एका माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापिकेला जाणवते की शिक्षकांच्या पाठांचे निरीक्षण दरवर्षी होते, निरीक्षणाचा तक्ता भरला जातो, शिक्षक त्यावर सही करतात, आणि वर्गात मात्र काहीही बदलत नाही. पहिल्या सत्रात त्या आपला विषय असा लिहितात: वर्गनिरीक्षणाची परिणामकारकता. हा विषय आहे, प्रश्न नाही; तो इतका मोठा आहे की त्यावर शंभर माणसे आयुष्यभर काम करू शकतील. मार्गदर्शक विचारतात, नेमके काय घडत नाही? त्या शाळेतील जुने तक्ते काढून पाहतात तेव्हा लक्षात येते की बहुतेक शेरे फलकलेखन, शिस्त आणि वेळेचे नियोजन यांबद्दल आहेत. विद्यार्थ्यांना काय समजले याबद्दल जवळजवळ एकही ओळ नाही. शिवाय निरीक्षण आणि चर्चा यांत अनेकदा दोन-दोन आठवडे गेलेले आहेत. आता प्रश्न आकार घेऊ लागतो: निरीक्षणानंतर दोन दिवसांच्या आत, विद्यार्थ्यांच्या वह्या आणि उत्तरे समोर ठेवून झालेली वीस मिनिटांची चर्चा शिक्षकाच्या पुढील पाठांच्या नियोजनात कोणते बदल घडवते? या प्रश्नात माणसे आहेत, मुदत आहे, करण्याजोगी कृती आहे आणि पाहता येईल असा परिणाम आहे. विषयापासून प्रश्नापर्यंतच्या या प्रवासाला अनेकदा वर्षभर लागते, आणि तो काळ वाया गेला असे मुळीच समजू नये.

अशा प्रश्नाला हाताळण्याची एक परंपराही आहे. कर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये कृतिसंशोधनाची कल्पना मांडली. कृती करावी, तिचा परिणाम तपासावा, त्यातून मिळालेल्या समजेवर पुढची कृती बेतावी, असे तिचे चक्राकार स्वरूप. शिक्षणशास्त्र पदवीच्या काळात बहुतेकांनी एक छोटे कृतिसंशोधन केलेले असते, त्यामुळे हा शब्द परका नसतो. डॉक्टरेटच्या पातळीवर फक्त त्याची शिस्त कितीतरी कडक होते. गेल्या दोन दशकांत यात सुधारणाशास्त्राची भर पडली. उद्योगक्षेत्रात एडवर्ड्स डेमिंग यांच्या नावाशी जोडले गेलेले योजना, कृती, अभ्यास आणि पुन्हा कृती हे चक्र त्याच्या केंद्रस्थानी आहे, आणि त्यामागे तीन साधे प्रश्न आहेत: आपल्याला नेमके काय साधायचे आहे, झालेला बदल ही खरोखर सुधारणा आहे हे कशावरून ओळखायचे, आणि कोणता बदल करून पाहिला असता ती सुधारणा होऊ शकेल. काओरू इशिकावा यांची माशाच्या सांगाड्यासारखी दिसणारी कारणांची आकृतीही याच कामासाठी वापरतात. तिचा खरा उपयोग असा की पहिले सुचलेले कारण, जे बहुधा ‘शिक्षकांना रस नाही’ असे असते, ते अनेक कारणांपैकी एक होऊन बसते आणि बाकीची कारणे दिसू लागतात.

अभ्यासक्रमाच्या बाह्य रचनेबद्दल थोडक्यात सांगता येईल. सुरुवातीची दोन-अडीच वर्षे अध्ययनाची असतात: नेतृत्वाचे सिद्धांत, शिक्षणधोरण, संस्थेतील बदल, कायदा व अर्थव्यवहार, गुणात्मक आणि संख्यात्मक संशोधनपद्धती. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी एक सर्वंकष परीक्षा, मग संशोधन आराखडा, त्याची मंजुरी, प्रबंध आणि मौखिक परीक्षा. काही वर्ग ठरावीक वेळी थेट भरतात, तर काही काम प्रत्येकाने आपल्या सोयीने आठवड्याच्या मुदतीत करायचे असते. दुसऱ्या देशातील विद्यापीठ निवडणाऱ्याने थेट वर्गांची वेळ आपल्या घड्याळाप्रमाणे किती वाजता येते, हे आधी पाहावे. पहाटे तीनचा वर्ग तीन वर्षे निभावणे ही साधी गोष्ट नाही. अनेक संस्था दरवर्षी काही दिवसांचे प्रत्यक्ष सत्रही ठेवतात. बरोबर प्रवेश घेतलेल्यांची तुकडी शेवटपर्यंत एकत्र ठेवणारा अभ्यासक्रम मिळाला तर तो आवर्जून घ्यावा, कारण पडद्यापलीकडच्या त्या दहा-पंधरा शिक्षकांशी जुळलेले नाते पुढच्या एकाकी टप्प्यात फार मोलाचे ठरते.

स्वतःच्या संस्थेत संशोधन करण्याचा जो फायदा, तोच त्यातला सर्वांत नाजूक भाग असतो, आणि त्यावर मी थोडे अधिक थांबणार आहे. वरच्या उदाहरणातील मुख्याध्यापिका ज्या शिक्षकांच्या मुलाखती घेणार आहेत, त्यांच्या वार्षिक मूल्यमापनावर त्यांचीच सही असते. त्यांनी कितीही प्रेमाने विचारले, ‘तुम्ही सहभागी व्हाल का?’, तरी समोरच्याला नाही म्हणणे सोपे नसते, आणि भीतीपोटी दिलेला होकार हा होकारच नव्हे. संशोधनात माणसांना कसे वागवावे याबद्दल अमेरिकेत १९७४ मध्ये कायदा झाला आणि १९७९ च्या बेलमाँट अहवालाने तीन तत्त्वे सांगितली: व्यक्तीविषयी आदर, तिचे हित जपणे आणि न्याय. तेथील विद्यापीठांच्या नैतिक परीक्षण समित्या याच तत्त्वांच्या आधारे प्रस्ताव तपासतात, आणि समितीची मंजुरी मिळण्यापूर्वी एकही मुलाखत घेता येत नाही. इतर देशांतील विद्यापीठांतही अशा समित्या असतात. समिती आपल्या मुख्याध्यापिकेला बहुधा सुचवील की मुलाखती शाळेबाहेरच्या सहकाऱ्याने घ्याव्यात, कोण सहभागी झाले आणि कोण नाही हे मुख्याध्यापिकेला कळू नये, आणि सहभागातून केव्हाही बाहेर पडण्याची मुभा लेखी दिलेली असावी.

नावे बदलल्याने ओळख लपते, हा समजही लहान शाळेत टिकत नाही. शाळेत भौतिकशास्त्राच्या एकच शिक्षिका असतील, तर ‘शिक्षिका क’ असे लिहून काहीच साधत नाही; त्या शाळेतला प्रत्येक वाचक त्यांना ओळखणार. मग विषयाचा उल्लेख टाळावा लागतो, किंवा अनेकांची मते एकत्र करून मांडावी लागतात. विद्यार्थी अल्पवयीन असल्यामुळे पालकांची संमती आणि स्वतः मुलांची तयारी, दोन्ही लागतात. मुलाखतींचे ध्वनिमुद्रण कोठे ठेवले जाईल, किती वर्षांनी नष्ट केले जाईल, हेही आधीच लिहून द्यावे लागते. अलीकडे मुलाखतींचा मजकूर कोणत्याही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनात टाकून त्याचा सारांश काढून घेण्याचा मोह होतो. संमतिपत्रात तसे सांगितलेले नसेल, तर तो शिक्षकांनी टाकलेल्या विश्वासाचा भंग आहे. समितीचे हे प्रश्न अनेकांना अडथळ्यासारखे वाटतात. मला मात्र असे वाटते की आपल्या हातातील अधिकार समोरच्या माणसाला कसा दिसतो, हे मुख्याध्यापकाला इतक्या स्पष्टपणे दुसरे कोणी क्वचितच दाखवून देते. शिवाय मंजुरीला अनेकदा काही आठवडे, कधी काही महिनेही जातात. शाळेच्या सुट्या आणि परीक्षा यांचा मेळ घालून अर्ज आधी केला नाही, तर माहिती गोळा करण्याचे अख्खे सत्र हातातून निसटते.

अध्ययनाचे टप्पे संपल्यावर एक विचित्र शांतता येते. दर आठवड्याच्या मुदती थांबतात, तुकडीतील चर्चा विरळ होतात, आणि प्रबंध एकट्याने लिहायचा उरतो. इंग्रजीत या अवस्थेतील विद्यार्थ्यांसाठी ‘ए.बी.डी.’ अशी संज्ञाच रूढ झाली आहे. तिचा अर्थ, प्रबंध सोडून बाकी सर्व पूर्ण. वर्षानुवर्षे त्याच ठिकाणी अडकून राहणारे बहुसंख्य लोक बुद्धीने कमी नसतात. त्यांची लय तुटलेली असते. म्हणून मार्गदर्शकाची निवड अत्यंत जपून करावी. ते एका वेळी किती विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करतात, पाठवलेल्या प्रकरणावर किती दिवसांत लेखी अभिप्राय देतात, आणि अडल्यास प्रत्यक्ष संवादाला वेळ देतात का, हे प्रश्न प्रवेशापूर्वी विचारण्यात संकोच करू नये. त्यांच्याकडून पदवी पूर्ण केलेल्या आणि मध्येच सोडलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या माणसांशी बोलता आले तर उत्तमच. मार्गदर्शक ठरावीक कालावधीनंतर बदलला जातो का, हेही पाहावे, कारण नव्या मार्गदर्शकाबरोबर प्रश्नाची चर्चा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

वेळेचा हिशेब मांडताना आशावादी राहून चालत नाही. आठवड्याला साधारण पंधरा ते वीस तास धरावेत, आणि पदवी पूर्ण व्हायला तीन ते पाच वर्षे लागतील असे समजून चालावे. तीन वर्षांची जाहिरात पाहून चार वर्षांची तयारी ठेवावी. हे तास सुटीच्या दिवसासाठी साठवून ठेवले की ते मिळत नाहीत, कारण सुटीचा दिवस घराचाही असतो. रोज पहाटेचा एक ठरलेला तास, जेव्हा शाळेतून निरोप येत नाहीत, तो लेखनासाठी राखणे अधिक भरवशाचे. घरच्या माणसांशी आणि संस्थेतील वरिष्ठांशी आधी मोकळेपणाने बोलावे. माहिती गोळा करण्यासाठी संस्थेची लेखी परवानगी लागतेच, आणि ती आयत्या वेळी मागितली तर संशय निर्माण होतो. परीक्षांचा हंगाम, प्रवेशाचा काळ आणि वार्षिक तपासणी यांच्या महिन्यांत प्रबंधाकडून फारशी अपेक्षा न ठेवणे हेही नियोजनच आहे.

मान्यतेचा प्रश्न इतक्या शेवटी आला म्हणून तो गौण नाही. शुल्काचा पहिला हप्ता भरण्यापूर्वी तो सुटलेला असला पाहिजे. अमेरिकेत विद्यापीठाला मान्यता देणारी संस्था तेथील शिक्षण विभागाने किंवा कौन्सिल फॉर हायर एज्युकेशन अ‍ॅक्रेडिटेशनने स्वीकारलेली आहे का, हे त्यांच्या अधिकृत संकेतस्थळांवर तपासता येते. तेथे शाळाप्रमुख होण्याचा परवाना प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देते, त्यामुळे पदवी आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतात परिस्थिती आणखी वेगळी आहे: ऑनलाइन पद्धतीने केलेल्या पीएच.डी.ला विद्यापीठ अनुदान आयोग मान्यता देत नाही, आणि परदेशी संस्थांच्या सहकार्याने खासगी कंपन्या देऊ करत असलेल्या अशा पदव्यांबद्दल आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर सूचना दिली. त्याच वर्षीच्या नियमांनी नोकरी करणाऱ्यांसाठी अर्धवेळ पीएच.डी.ची वाट मात्र ठेवली आहे, आणि तिच्यासाठी संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. म्हणून ही पदवी आपल्याला कोणत्या देशात, कोणत्या पदासाठी वापरायची आहे, हे ठरवून तिथल्या नियामक संस्थेला लेखी विचारावे. विद्यापीठाच्या प्रवेश प्रतिनिधीने फोनवर दिलेली खात्री पुरेशी नाही. काही महिन्यांत, अनुभवाच्या आधारे, प्रबंधाशिवाय डॉक्टरेट देणारी संस्था भेटली तर तिच्याशी बोलणे तिथेच थांबवावे.

खर्च श्रेयांकांच्या हिशेबाने सांगितला जातो, आणि घोळ नेमका तिथेच होतो. अध्ययनाचे श्रेयांक संपल्यावर प्रबंध चालू असेपर्यंत प्रत्येक सत्राला नोंदणी शुल्क द्यावे लागते, त्यामुळे प्रबंध वर्षभर लांबला की एकूण खर्चही वाढतो. संस्थेकडून शुल्काचा काही भाग मिळणार असेल, तर पदवीनंतर किती वर्षे तिथेच नोकरी करण्याची अट आहे, हे करारात वाचून घ्यावे.

मौखिक परीक्षेत समिती ज्या प्रश्नावर हमखास येते, तो असा: एकाच शाळेत मिळालेल्या निष्कर्षांचा इतर शाळांना काय उपयोग? एका शाळेवरून सर्व शाळांबद्दल विधान करता येत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करावे लागते. करता येते ते एवढेच की आपली शाळा, तिथली माणसे, केलेला बदल आणि त्यात आलेल्या अडचणी इतक्या बारकाईने मांडाव्यात, की दुसऱ्या शाळेतील वाचकाला आपल्या परिस्थितीशी तुलना करून स्वतः निर्णय घेता येईल. मुख्याध्यापिकेच्या उदाहरणात कदाचित असे दिसेल की वीस मिनिटांच्या चर्चेचा अनुभवी शिक्षकांना उपयोग झाला आणि नवख्यांना फारसा झाला नाही. अपेक्षेविरुद्ध आलेला असा निष्कर्षही तितकाच ग्राह्य असतो, आणि तो दडपला तर प्रबंध कमकुवत होतो. या सर्व काळात ज्यांनी आपले वर्ग, वह्या आणि मते खुली केली, त्या शिक्षकांपर्यंत दोनशे पानांचा प्रबंध सहसा पोहोचत नाही. त्यांच्यासाठी दोन-तीन पानांचे, त्यांच्याच भाषेतले निवेदन तयार करून शिक्षकांच्या बैठकीत वाचून दाखवावे, आणि त्या बैठकीची तारीख संशोधन आराखड्याच्या वेळापत्रकातच लिहून ठेवावी.